जुन्या जुळ्या इंजिनांच्या बोटीत नवी इंजिनं बसवताना

आमच्या बोटीच्या डाव्या इंजिनाची डिपस्टिक काढायला मला आजही इंजिनावर पालथं पडावं लागतं. दोन्ही इंजिनं एकाच मॉडेलची, त्यामुळे दोघांचीही डिपस्टिक, ऑइल फिल्टर आणि खाऱ्या पाण्याचा पंप डाव्या अंगाला. उजव्या इंजिनाची डावी बाजू मधल्या वाटेकडे येते, तिथे सगळं हाताशी. डाव्या इंजिनाची डावी बाजू मात्र डिझेलच्या टाकीला चिकटून, मध्ये जागा चार बोटं. लांबी, रुंदी, उंची, वजन असं सगळं मी वहीत उतरवलं होतं. कोणत्या बाजूला काय आहे एवढंच बघायचं राहिलं, आणि लक्षात आलं तोवर पैसे देऊन झाले होते.

म्हणून या लेखाचा क्रम जरा उलटा आहे. कोणतं इंजिन घ्यावं, हा प्रश्न बरंच पुढे येईल. आधी बोट मोजायची, शाफ्ट (इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा) मोजायचा, दार मोजायचं, आणि मग बाजारात जायचं. इंजिन हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. ते खोक्यातून तयार येतं. बाकीचं सगळं तुम्हाला जुळवायचं असतं.

आमची बोट ३४ फुटी, फायबरची, १९८०च्या दशकातली केबिन क्रूझर. आत दोन पर्किन्स ६.३५४ डिझेल होती, सरळ शाफ्टवर. मुंबईत गेटवेसमोर बोयाला बांधलेली असते. तुमची बोट लहान असेल, इंजिनं पेट्रोलची असतील, तरी पुढचं बहुतेक लागू पडेल. पेट्रोलवरून डिझेलवर जायचं असेल तर टाकीपासून सगळं नव्याने, हे धरूनच चाला.

आधी ठरवा: बदलायची की उघडून बांधायची?

जुनं इंजिन धूर ओकायला लागलं की मालकाच्या डोळ्यांसमोर नवं इंजिन नाचू लागतं. थोडं थांबा. ६.३५४ म्हणजे सहा सिलिंडर, ३५४ घनइंच, सुमारे ५.८ लिटर. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सच्या परवान्याने भारतात वर्षानुवर्षं इंजिनं बनवली, त्यामुळे या घराण्याचे लायनर (सिलिंडरची आतली अस्तरं), पिस्टन, बेअरिंग आपल्याकडे अजून शोधता येतात. ब्लॉक शाबूत असेल तर इंजिन बांधून घेणं हा मूर्खपणा नाही. मी तर म्हणेन, वर्षाला पन्नास तास बोट चालवणाऱ्याने आधी हाच विचार करावा.

निर्णय धुरावरून घेऊ नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी. पण काळा धूर पंख्याला चढलेल्या शिंपल्यांमुळेही येतो. इंजिन गरम करून सगळ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो त्याची तपासणी, करा. अशा डिझेलला साधारण २५ ते ३० बार मिळायला हवेत. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या वर गेला की शंका घ्या. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्यात सोडियम निघालं तर खारं पाणी आत शिरतंय.

आमचा निकाल तिथेच लागला. उजव्या इंजिनाचा हीट एक्सचेंजर, म्हणजे इंजिनातलं गोडं पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करणारा भाग, आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी फुटला असणार. गोड्या पाण्याच्या बाजूला खारं पाणी फिरून लायनर बाहेरून खड्डे-खड्डे झाले होते. डावं इंजिन त्यामानाने बरं होतं. मग एकच बदलायचं का? माझं स्पष्ट मत, नाही. दोन इंजिनांचे आरपीएम, गिअरचं प्रमाण आणि पंखे वेगळे झाले की बोट कायम एका अंगाला ओढते, आणि सुट्या भागांचे दोन संसार सांभाळावे लागतात. बरं इंजिन विकून टाका. सुट्या भागांसाठी गिऱ्हाईक मिळतं, आणि कोणीच नाही मिळालं तर दारुखान्याचा भंगारबाजार आहेच.

कॅलेंडर

मुंबईत हे काम कधी करायचं ते समुद्र ठरवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, बंदरातल्या हौशी बोटीही मेअखेर वर चढतात. म्हणजे बोट जमिनीवर असतेच, मग पावसाळ्यातच इंजिनं बदलू, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. अडचण अशी की यार्डातली जमीन जूनमध्ये चिखल होते आणि हायड्रा क्रेन चिखलात रुतते. आमची हायड्रा बोटीपासून वीस फुटांवर चार दिवस रुतून बसली होती.

तेव्हा असं करा. मोजमाप नोव्हेंबर-डिसेंबरात, बोट पाण्यात असतानाच. ऑर्डर जानेवारीत, कारण आयात इंजिन सांगितलेल्या तारखेला आलेलं मी पाहिलेलं नाही. एप्रिलमधलं मोठं उधाण साधून बोट वर घ्या, जुनी इंजिनं मे महिन्यात, जमीन कोरडी असताना बाहेर काढा आणि जमलं तर नवी त्याच वेळी आत ठेवा, नुसती ठोकळ्यांवर. मग वर घट्ट ताडपत्री बांधा आणि पावसात आतली कामं करत बसा. नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणाला बोट पाण्यात.

मापं

पहिलं माप दाराचं. इंजिन बोटीत शिरणार कुठून? बऱ्याच बोटी इंजिनाभोवती बांधलेल्या असतात. सलूनच्या जमिनीतली झाकणं इंजिनाची देखभाल करण्यापुरती, काढण्यापुरती नव्हे. जमिनीच्या झाकणापासून केबिनच्या दारापर्यंत आणि तिथून बाहेर डेकपर्यंत पूर्ण वाट टेपने मोजा. छताला भोक पाडावं लागणार असेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

दुसरं, शाफ्टची रेघ. नव्या इंजिनाचा गिअरबॉक्स बरोबर या रेघेवर यायला हवा. बोट जमिनीवर असताना शाफ्ट काढून स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीच्या) मधोमध पातळ पोलादी तार ताणून ती इंजिनरूमच्या पुढच्या भिंतीपर्यंत नेतात. शाफ्ट जागेवरच असेल तर गिअरबॉक्सला शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या मध्यापासून त्याच उतारात दोरी ताणा. मग तारेपासून दोन्ही बाजूच्या बेडचं (इंजिनाच्या बैठकीचं) अंतर, बेडची उंची, खाली तळाचं अंतर आणि वर झाकणाचं अंतर, प्रत्येक फुटावर घ्या. उतार अंशांत मोजा. प्रत्येक इंजिनाला किती अंश कललेलं चालतं याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. आणि बोट पाण्यावर धावताना नाक वर करते, तेव्हा कल आणखी वाढतो. उतार जास्त असेल तर तिरप्या बाहेर-दांड्याचे गिअरबॉक्स मिळतात, सात-आठ अंश वळवून देणारे.

तिसरं माप सगळे टाळतात, मीही टाळलं. कंपनी इंजिनाचं रेखाचित्र देते. त्यावरून स्वस्त प्लायवूडचा नकली सांगाडा बनवा: मूळ खोकं, माउंटचे पाय, गिअरबॉक्सचं कपलिंग, एक्झॉस्टचं वाकण. आणि त्यावर लाल रंगाने फिल्टर, डिपस्टिक, पाण्याच्या पंपातल्या इंपेलरचं झाकण, स्टार्टर, ऑइल भरायचं तोंड असं काढा. दोन सांगाडे, दोन्ही बाजूंना. मग आत उतरून बसा आणि प्रत्येक लाल ठिपक्यापर्यंत हात पोचतो का बघा. नुसता हात नव्हे, पान्यासकट हात. खर्च दोन प्लायचे तुकडे आणि एक रविवार. मी हा रविवार वाचवला आणि नंतर कित्येक रविवार पालथा पडलो.

आता इंजिन: किती एचपी?

जास्त एचपी म्हणजे जास्त वेग, हे फक्त पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीला खरं. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग पाणरेषेची लांबी ठरवते: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. तीस फूट पाणरेषेला सव्वासात नॉट. अशा बोटीत दुप्पट एचपी घातलीत तर मागे लाट मोठी होईल, इतकंच. आमची बोट या दोन्हींच्या मधली, म्हणून जुन्या १२० एचपीच्या जागी १५० एचपीची चार सिलिंडरी टर्बो घेतली. वजन बरंच कमी. ते इतकं कमी की बोट पाण्यात टाकल्यावर मागून वर उचलली गेली, आणि बॅटऱ्या मागे हलवाव्या लागल्या.

डिझेलचा अंदाज बांधायला एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा: पूर्ण भाराला दर एचपीमागे तासाला साधारण एक पंचमांश लिटर. १५० एचपीला तीसेक लिटर, दोघांना मिळून साठ. हा आकडा घरी सांगायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता गिअरचं प्रमाण, आणि त्यातून निघणारं शाफ्टचं प्रकरण. इथे थोडं गणित आहे, पण ते न केल्याने शाफ्ट तुटलेला मी पाहिला आहे. जुनं इंजिन १२० एचपी, २८०० आरपीएम, गिअर दीडला एक. म्हणजे शाफ्ट फिरतो १८६७ आरपीएमने. नवं इंजिन १५० एचपी, ३००० आरपीएम, गिअर दोनास एक, शाफ्ट १५००. पिळाचा जोर म्हणजे टॉर्क निघतो एचपी गुणिले ५२५२ भागिले शाफ्टचे आरपीएम. जुना सुमारे ३३८ फूट-पौंड, नवा ५२५. एचपी वाढली सव्वापट, टॉर्क वाढला दीडपटीहून जास्त. शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. आमचा सव्वा इंची शाफ्ट दीड इंची केला तर ताकद १.७ पट होते. म्हणजे दीड इंच पुरे, सव्वा धोक्याचा. पण शाफ्ट जाड झाला की शाफ्टला पाण्यात आधार देणारं कटलेस बेअरिंग, पंख्याजवळचा ब्रॅकेट, स्टर्न ट्यूब आणि पाणी आत येऊ न देणारा ग्लँड, सगळं बदललं. इंजिनाच्या कोटेशनमध्ये यातलं एक अक्षर नसतं. आमच्या हिशेबात इंजिन सोडून बाकीचा खर्च इंजिनांच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत गेला.

फिरण्याची दिशाही बघा. जुळ्या इंजिनांच्या बोटीत पंखे एकमेकांच्या उलट फिरतात. मागून पाहिलं तर उजवा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, डावा उलट. जुन्या पर्किन्समध्ये चक्क उलटं फिरणारं इंजिन मिळायचं. आजची इंजिनं सगळी एकाच दिशेने फिरतात आणि उलटं फिरवायचं काम गिअरबॉक्स करतो. त्यामुळे दोन्ही दिशांना पूर्ण भाराने सतत चालणारा गिअरबॉक्स हवा, आणि हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. पैसे वाचवायला जुने वेल्व्हेट ड्राइव्ह गिअरबॉक्स ठेवून एका बाजूला कायम रिव्हर्सवर पुढे जायचं, असा सल्ला मला एकाने दिला होता. तसं केलं तर क्लच जळतो.

जुनी इंजिनं बाहेर

सगळ्यात आधी फोटो. प्रत्येक वायरीला, प्रत्येक नळीला कापडी चिकटपट्टी लावून नाव लिहा. ऑइल, कूलंट, डिझेल काढून घ्या. समुद्रात किंवा यार्डाच्या गटारात नव्हे, ड्रममध्ये. आल्टरनेटर, स्टार्टर, हीट एक्सचेंजर, मॅनिफोल्ड आधी सुटे करा. वजनही उतरतं आणि रुंदीही. त्या काळातल्या बोटींत एक्झॉस्टभोवतीचं पांढरं वेष्टण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते खरवडू नका, झाडू नका. ओलं करून, चांगला मास्क लावून, अखंड काढून पिशवीत बंद करा.

बोट पाण्यात असताना कपलिंग सोडणार असाल तर आधी शाफ्टला क्लॅम्प लावून बांधा. सुटा शाफ्ट मागे सरकून बाहेर निघाला तर दीड इंची भोकातून समुद्र आत येतो.

गिअरबॉक्ससकट हे इंजिन अर्ध्या टनाच्या वर जातं. बाहेरून हायड्राचा हात छताखाली पोचत नाही, म्हणून आत लोखंडी पाइपांचं तिकाटणं किंवा आडवी तुळई उभी करून चेन ब्लॉकने आधी उचलायचं, खाली फळ्या सरकवून दारापर्यंत ओढायचं, आणि मग क्रेनला द्यायचं. तिकाटण्याचे पाय फायबरच्या जमिनीवर ठेवू नका. खाली स्ट्रिंगरपर्यंत, म्हणजे तळाच्या लांब तुळयांपर्यंत, ठोकळे द्या. उचललेल्या इंजिनाखाली कोणाचाही हात-पाय नको, मग मिस्त्री कितीही अनुभवी असो.

रिकामी खोली

इंजिनं निघाल्यावर जी काळी, चिकट, डिझेलचा वास मारणारी गुहा दिसते, ती पुढची वीस वर्षं पुन्हा अशी उघडी दिसणार नाही. इथे दोन आठवडे घाला. मी घाई करू दिली नाही आणि त्याचं मला समाधान आहे.

धुऊन, घासून कोरडी केल्यावर हातोडीने स्ट्रिंगर ठोकत जा. टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आतलं लाकूड कुजलं. शंका वाटेल तिथे बारीक भोक पाडून बघा. भुसा ओला, काळा आला तर तो भाग कापून नवं लाकूड आणि इपॉक्सी. आमच्या डाव्या बेडमध्ये जुन्या बोल्टांच्या भोकांतून पाणी मुरून फूटभर भाग केकसारखा झाला होता. नव्या इंजिनाचे पाय वेगळ्या रुंदीवर येणार, म्हणून बेडच्या माथ्यावर जाड लोखंडी पट्टी टाकून ती आरपार बोल्टांनी बसवली. लाकडात घुसणाऱ्या स्क्रूवर इंजिन टांगू नका.

याच वेळी पाणरेषेखालचे सगळे व्हॉल्व्ह, त्यांचे होज, बिल्ज (बोटीच्या तळात पाणी साठतं ती जागा) उपसायचे पंप, वायरी बदला. होजला दोन-दोन क्लॅम्प, ३१६ स्टेनलेसचे. नागदेवी स्ट्रीटवर क्लॅम्प हवे तितके मिळतात, पण खोक्यावर काय छापलंय त्यावर विसंबू नका. ३१६ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, स्क्रूलाही लावून बघा. शेवटी फिका राखाडी किंवा पांढरा रंग द्या. ऑइलचा पहिला थेंब कुठून पडला ते त्यावर लगेच दिसतं.

बसवणी

नवं इंजिन बेडवर ठेवणं दोन तासांचं काम. त्याला श्वास, अन्न आणि बाहेर टाकायची वाट करून देणं दोन महिन्यांचं.

एक्झॉस्ट आधी. टर्बो इंजिनाला मागून दाब सहन होत नाही, त्यामुळे जुना तीन इंची पाइप बहुधा चालणार नाही. एक्झॉस्टमध्ये थंड करणारं पाणी मिसळतं त्या वाकणाचा सगळ्यात उंच बिंदू भरलेल्या बोटीच्या पाणरेषेपासून निदान फूटभर वर हवा, नाहीतर इंजिन बंद असताना पाणी मागे चढून सिलिंडरमध्ये शिरतं. मागचा दाब मोजायला महागडं उपकरण नको. एक्झॉस्टच्या कोरड्या भागात मोजणीचं भोक ठेवा, तिथून थोडी तांब्याची नळी आणि पुढे यू आकारातली पारदर्शक नळी, अर्धी पाण्याने भरलेली. दोन बाजूंच्या पाण्यातला एक मीटर फरक म्हणजे १०० मिलिबारच्या जरा खाली. हा आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

डिझेल. आजच्या कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाचे इंजेक्टर पाण्याचा थेंब माफ करत नाहीत. जुनं पर्किन्स काय वाटेल ते प्यायचं, आणि तीस वर्षांत टाकीच्या तळाशी साठलेली जेली कोणाला दिसली नव्हती. टाकीला माणसाचा हात जाईल असं झाकण पाडून आतून पुसून काढा. पाणी वेगळं करणारा, पारदर्शक वाटीचा १० मायक्रॉनचा फिल्टर प्रत्येक इंजिनाला वेगळा. परतीची नळीही नव्याने, कारण ही इंजिनं जितकं जाळतात त्याहून बरंच जास्त डिझेल फिरवून परत पाठवतात. कुठेही गॅल्व्हनाइज्ड पाइप नको. जस्त आणि डिझेल यांचं पटत नाही.

हवा. मे महिन्यात मुंबईच्या बंदरात पाणी तीस अंशांच्या घरात असतं आणि बंद इंजिनरूम भट्टी होते. हवेच्या तोंडांचं क्षेत्रफळ चौरस इंचांत काढायला एकूण एचपीला ३.३ ने भागायचं, हा कमीत कमी हिशेब. तीनशे एचपीला ९१ चौरस इंच. आमच्या जुन्या जाळ्या मोजल्या तर साठसुद्धा भरल्या नाहीत.

खाऱ्या पाण्याची गाळणी मोठी घ्या आणि तिचं झाकण पारदर्शक असू द्या. आपल्या बंदरात गाळ कमी, प्लास्टिकच्या पिशव्या जास्त.

वायरिंगमध्ये दोनच गोष्टी. साधी तांब्याची वायर दोन पावसाळ्यांत आतून हिरवी होते. कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायर शोधा. आणि प्रत्येक इंजिनाला स्टार्टची स्वतंत्र बॅटरी द्या, कारण व्होल्टेज पडलं की या इंजिनांचा मेंदू आधी रुसतो.

इंजिनरूममध्ये आपोआप सुटणारं आग विझवायचं सिलिंडर लावाल, तेव्हा त्यातला वायू सुटताच इंजिन बंद पडेल अशी जोडणी करा. चालू डिझेल तो वायू ओढून बाहेर फेकून देतं आणि आग तशीच राहते.

अलाइनमेंट

जमिनीवर केलेलं अलाइनमेंट फक्त तात्पुरतं असतं. बोट ठोकळ्यांवर एका आकारात बसते आणि पाण्यात दुसऱ्या. त्यामुळे बोट पाण्यात टाका, टाक्या निम्म्या भरा, दोन दिवस तशीच राहू द्या, रबरी माउंटना इंजिनाच्या वजनाने बसू द्या, आणि मग कपलिंग उघडा.

तत्त्व सोपं आहे. गिअरबॉक्सचं कपलिंग आणि शाफ्टचं कपलिंग, दोन्ही तोंडं एकमेकांसमोर आणून मधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेजने मोजायची. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाच्या एक हजारांशापेक्षा, जास्त फरक नको. आमचं कपलिंग पाच इंची, म्हणजे पाच थाऊ. पण त्याआधी शाफ्टच्या लोंबकळणाऱ्या टोकाचं वजन स्प्रिंगच्या काट्याने उचलून धरायचं; नाहीतर शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि तुम्ही इंजिन त्या चुकीला जुळवत बसता.

आमचे मिस्त्री उरणजवळच्या करंज्याचे, साठीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. गेटवेसमोर सकाळी फेरीबोटींची ये-जा सुरू झाली की बोट सतत डुलते. मामांनी मला पहाटे साडेपाचला बोलावलं. भरती संपून पाणी थांबलेलं होतं. टॉर्च माझ्या हातात, गेज त्यांच्या. वरची फट, खालची फट, मग माउंटच्या नटला पाव फेरा, पुन्हा वरची फट. पाव फेऱ्याने खाली दोन थाऊ हलायचे. एक तासाने त्यांनी पात माझ्याकडे दिली. "शेठ, आता तुम्ही घाला. ढकलावं लागलं तर घट्ट, आपोआप गेली तर सैल. लोण्यातून सुरी गेल्यासारखी गेली पाहिजे." चारही बाजूंनी तशी गेली. मग त्यांनी शाफ्ट हाताने अर्धा फेरा फिरवला आणि चारही बाजू पुन्हा मोजायला लावल्या. आकडे बदलले असते तर इंजिन नव्हे, शाफ्ट किंवा कपलिंग वाकडं निघालं असतं. ते बदलले नाहीत. तेवढ्यात दिवसाची पहिली फेरीबोट गेली, बोट डुलली, आणि मामांनी डबा उघडला.

सुरू करणं आणि चाचणी

पहिल्यांदा स्टार्टर मारताना इंजिन लगेच धरलं नाही, तर दर वेळी खाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि इंजिन सुरू होताच उघडा. नुसता स्टार्टर फिरत राहिला की पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, आणि मफलर भरून पाणी उलटं इंजिनात येतं. नवं कोरं इंजिन पहिल्याच दिवशी असं बुडवता येतं.

चाचणी फेरीबोटींच्या मार्गात करू नका. १८ डिसेंबर २०२४ ला करंज्याजवळ इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगबोट नीलकमल या घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. नव्या इंजिनाचा थ्रॉटल, नवी केबल, नवा गिअर यांतलं काहीही पहिल्या तासात अडकू शकतं, हे धरूनच जागा निवडा. मोकळं पाणी, मासेमारीच्या डोल जाळ्यांच्या खांबांपासून लांब, सोबत दुसरी बोट, आणि इंजिन बंद करायची दोरी किंवा बटण कुठे आहे ते सगळ्यांना माहीत.

पाण्याच्या टाक्या भरा, नेहमीइतकी माणसं घ्या. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने कंपनीने सांगितलेले आरपीएम गाठलेच पाहिजेत. कमी पडले तर पंखा जड आहे आणि इंजिन कायम दमत राहील. पंख्याचा पिच (घसरण धरली नाही तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे जाईल ते अंतर) एक इंच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. आमचे ३००० ऐवजी २८०० लागले. पंखे काढून एकेक इंच पिच कमी करून आणला, मग ३०३० मिळाले. जरा वर मिळालेले चांगलेच. मुंबईच्या पाण्यात तळाला चार महिन्यांत शिंपल्यांचं कवच चढतं आणि ते आरपीएम आपोआप खाली येतात. पंखा मोठा घेणार असाल तर त्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत पंख्याच्या व्यासाच्या दहा-पंधरा टक्के जागा ठेवा, नाहीतर केबिनमधले कप वाजायला लागतात.

पंख्याचा हिशेब असा: शाफ्टचे आरपीएम गुणिले इंचांतला पिच भागिले १२१५, उत्तर नॉटमध्ये. १५०० आणि १७ इंच म्हणजे २१ नॉट. पाणी घन नसल्यामुळे पाव भाग घसरतो, म्हणजे पावणेसोळा. वेग जीपीएसवर, भरतीच्या दिशेने आणि उलट असा दोनदा मोजून सरासरी घ्या.

कागद

इंजिन बदललं की नोंदणीपत्रावरचे इंजिन क्रमांक बदलतात. ज्यांच्याकडे बोट नोंदलेली आहे, आमच्या बाबतीत महाराष्ट्र सागरी मंडळ, त्यांना कळवून नोंद करून घ्या, आणि विमा कंपनीलाही. आयात इंजिनाचं बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद), पावत्या आणि जुनी इंजिनं कोणाला दिली त्याची पावती एका फाइलमध्ये. काम सुरू करण्याआधी सर्व्हेयरला एकदा बोट दाखवलीत तर नंतर तो उघडून दाखवा म्हणत नाही.

पहिले पन्नास तास

नवं डिझेल तासन्‌तास आयडलवर ठेवून जपू नका. रिंगा नीट बसत नाहीत. आरपीएम बदलत राहा, मॅन्युअलमध्ये सांगितलेला भार द्या. रोज बिल्जमध्ये वाकून बघा. पन्नास तासांनी इंजिन आणि गिअर दोन्हींचं ऑइल, फिल्टर, माउंटचे सगळे नट, होजचे क्लॅम्प, आणि अलाइनमेंट पुन्हा. आमचं डाव्या बाजूचं चार थाऊ सरकलं होतं.

डिपस्टिकच्या खुणा इंजिन सपाट ठेवलंय असं धरून केलेल्या असतात. तुमचं इंजिन कललेलं आहे. पहिल्या ऑइल बदलीला मॅन्युअलमधलं माप मोजून भरा, इंजिन फिरवून थांबवा, आणि जिथे ऑइल लागेल तिथे कानशीने नवी खूण करा. डाव्या इंजिनाचा ऑइल फिल्टर मी पुढे रिमोट किट लावून मधल्या वाटेवर आणला. डिपस्टिकसाठी असं किट मिळत नाही.